श्वास मोजण्यापासून सुरुवात करा: परिचर्या महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
प्राचार्य, पाठ्यनिर्देशिका आणि अध्यापकवर्ग,
सांगली जिल्ह्यातील सर्व परिचर्या महाविद्यालये व प्रशिक्षण केंद्रे

विषय: परिचर्येच्या विद्यार्थ्यांना कृत्रिम बुद्धिमत्ता कोठे आणि कशी शिकवावी

सादर नमस्कार.

आधी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), मग परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर) आणि नोकरीची शेवटची वर्षे पाठ्यनिर्देशिका (नर्सिंग ट्यूटर), अशी माझी वाट झाली. निवृत्तीनंतरही मिरजेत राहणाऱ्या माणसाचा वॉर्डाशी संबंध पुरता तुटत नाही; ओळखीपाळखीचे कोणी ना कोणी दाखल असतेच आणि जुन्या विद्यार्थिनी हाक मारून थांबवतात. गेल्या वर्षभरात ‘आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विषयावरील दोन कार्यशाळांना पाहुणी म्हणून बसण्याचा योग आला. दोन्हीकडे दीपप्रज्वलन झाले, बाहेरगावाहून आलेल्या अभियंत्यांनी पडद्यावर यंत्रमानवाची चित्रे दाखवली, एक्स-रेमधला डाग संगणक कसा ओळखतो ते सांगितले, दुपारी जेवण झाले आणि संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटली गेली. वक्ते आपल्या विषयात जाणकार होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुली वॉर्डात गेल्या आणि टीपीआरचा, म्हणजे तापमान, नाडी आणि श्वसन यांच्या नोंदींचा, तक्ता त्यांनी आदल्या आठवड्यात भरला होता तसाच भरला. हे पत्र त्या तक्त्याविषयी आहे.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सुधारला, तेव्हा दुसऱ्या सत्रात ‘हेल्थ/नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स अँड टेक्नॉलॉजी’ हा विषय आला आणि त्याला वर्गातले ४० व प्रयोगशाळेतले ४० तास मिळाले. ही जागा थोडी नव्हे. मात्र मी पाहिले त्या ठिकाणी हा विषय संगणकाच्या शिक्षकाकडे सोपवलेला होता आणि मुली वर्ड, एक्सेल व पॉवरपॉइंट शिकून बाहेर पडत होत्या. माझी विनंती अशी की यातले निम्मे तास तरी संगणक कक्षातून उचलून वॉर्डात आणावेत, ते परिचर्येच्या शिक्षकाने शिकवावेत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा पहिला धडा श्वास मोजण्याचा असावा.

आपल्यापैकी ज्यांनी वॉर्डात वर्षे काढली आहेत त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. कोणत्याही जनरल वॉर्डातले दहा तक्ते उघडून पाहा. तापमान वेगवेगळे, नाडी वेगवेगळी, रक्तदाब वेगवेगळा. श्वसन मात्र सगळ्यांचे २०. तापमानासाठी थर्मामीटर लावावा लागतो, रक्तदाबासाठी पट्टा बांधावा लागतो, म्हणून ती कामे होतात. श्वास मोजण्यासाठी नुसते उभे राहून मिनिटभर छातीकडे पाहायचे असते, आणि नुसते उभे राहणे हे काम आहे असे वॉर्डात कोणालाच वाटत नाही. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात माझ्याच विद्यार्थिनीच्या तक्त्यावर एका वृद्ध गृहस्थांच्या नावापुढे दिवसभरात चार वेळा २० लिहिलेले होते. संध्याकाळी मी घड्याळ धरून मोजले तेव्हा ३४ भरले. त्यांना त्या रात्री अतिदक्षता विभागात हलवले आणि ते वाचले. मुलगी आळशी नव्हती. वरच्या वर्गातल्या मुली लिहितात तसे तिने लिहिले होते, आणि त्या मुलींना तसे लिहायला आम्ही शिकवले नव्हते हे खरे असले, तरी सही करताना आम्ही त्यांना कधी अडवलेही नव्हते.

कागदावरचा तो २० बहुधा कागदावरच राहत असे. फेरीला आलेले डॉक्टर त्यावर विसंबत नसत. ते रुग्णाकडे पाहत. आता तोच आकडा संगणकात जातो आणि तिथे त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. रुग्णाची प्रकृती बिघडते आहे का हे गुणांवरून ओळखणाऱ्या, इंग्लंडमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘न्यूज-२’ या पद्धतीचे उदाहरण घ्या; तिच्यात गुण जितके जास्त तितका धोका जास्त. ती २०१७ साली आली, तिच्यात कृत्रिम बुद्धिमत्ता मुळीच नाही, साधी बेरीज आहे. पण धोक्याची आगाऊ सूचना देणाऱ्या पुढच्या अनेक प्रणालींना लागणारे आकडे हेच आहेत. त्या पद्धतीत मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला दोन आणि २५ वा अधिक श्वासांना तीन गुण मिळतात, आणि एकाच मोजमापाला तीन गुण पडले तरी रुग्णाला तातडीने पाहावे असा संकेत आहे. म्हणजे त्या गृहस्थांच्या चारही वेळच्या नोंदींना शून्य मिळाले असते. आपला लाडका २० हा शून्याच्या पट्ट्यातला नेमका शेवटचा आकडा निघावा, हा योगायोगही पाहण्यासारखा आहे.

बेरीज करणारी पद्धत निदान फसली तर एका रुग्णापुरती फसते. जुन्या नोंदींवरून स्वतः शिकणारी प्रणाली त्याहून खोल फसते. हजारो तक्त्यांत वाचलेल्या रुग्णाचेही श्वसन २० आणि दगावलेल्याचेही २० असेल, तर ती प्रणाली त्यातून एवढेच शिकेल की श्वासाचा रुग्णाच्या भवितव्याशी संबंध नाही, आणि श्वासाला ती वजन देणे सोडून देईल. नंतर तिची परीक्षा तशाच तक्त्यांवर घेतली तर हा दोष उघडही होणार नाही, कारण प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका दोन्ही एकाच हाताने लिहिलेल्या असतील. वेळेचेही तसेच. रात्रभराच्या नोंदी सकाळी ओव्हर देण्याआधी, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवण्याआधी, एका दमात भरण्याची सवय आपल्याला ठाऊक आहे. यंत्राला मात्र त्या भरण्याच्या वेळा खऱ्याच वाटतात. म्हणून या विषयाचा पहिला तास मी असा घेईन: प्रत्येक विद्यार्थिनीने पाच रुग्णांचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत, तक्त्यावर आधी लिहिलेला आकडा शेजारी ठेवावा, आणि वर्गाने मिळून दोन्हींतला फरक फळ्यावर मांडावा. त्यानंतर प्रणाली कशावरून शिकते हे समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली आहे आणि ती परिचारिकांनी तर पाठच करावी अशी आहे. न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाला दाखल करावे आणि कोणाला घरी पाठवता येईल हे ठरवण्यासाठी १९९० च्या दशकात तिथे काही संगणकीय प्रणाली घडवल्या गेल्या. त्यांतल्या एकीने नोंदींवरून असा नियम काढला की रुग्णाला आधीपासून दमा असेल तर न्यूमोनियाने मृत्यू येण्याचा धोका कमी असतो. वैद्यकाच्या दृष्टीने हे उलटे होते. उलगडा असा झाला की दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की त्याला थेट अतिदक्षता विभागात घेतले जाई आणि त्याच्यावर इतके बारीक लक्ष ठेवले जाई की इतरांपेक्षा तेच रुग्ण अधिक वाचत. ते लक्ष ठेवण्यात परिचारिकांचा वाटा किती असतो हे आपल्याला सांगायला नको. म्हणजे तासातासाला बदललेली कूस, ओढलेला कफ, वाढवलेला प्राणवायू, हे सगळे नोंदींतून प्रणालीला दिसले नाही. तिला दिसला फक्त शेवटचा निकाल, आणि त्याचे श्रेय तिने दम्याला देऊन टाकले. रिच कॅरुआना या संशोधकाने २०१५ मध्ये सहकाऱ्यांसह हे उदाहरण सविस्तर मांडले. आपले काम लिहून ठेवले नाही तर ते झालेच नाही असे धरले जाते, हे आम्ही कोर्टकचेरीच्या भीतीने विद्यार्थिनींना सांगत आलो. आता त्याला हे दुसरे कारण मिळाले आहे.

‘गणित नको म्हणून नर्सिंगला आले’ असे सांगणाऱ्या मुली मला दरवर्षी भेटत. (नाइटिंगेल बाईंचा दिवा आपण शपथविधीला पेटवतो, १८५८ मध्ये त्या लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या होत्या, हे सांगायचे मात्र राहून जाते.) या विषयाला लागणारे गणित चिठ्ठ्यांनी शिकवता येते. एपिक या अमेरिकी कंपनीची सेप्सिसची (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या जीवघेण्या अवस्थेची) आगाऊ सूचना देणारी प्रणाली तिथल्या शेकडो रुग्णालयांत बसवलेली होती. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात ती स्वतंत्रपणे तपासली गेली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते शंभर रुग्णांच्या मापात असे सांगता येतात: शंभरांपैकी सातांना सेप्सिस झाला, प्रणालीने अठरांच्या बाबतीत धोक्याची घंटा वाजवली, त्या अठरांत खरे रुग्ण दोनच होते आणि उरलेले पाच तिच्या नजरेतून सुटले. शंभर चिठ्ठ्या घ्या, सातांवर लाल खूण करा, अठरा वेगळ्या काढा, त्यांत लाल दोनच ठेवा, आणि मुलींना विचारा की रात्रपाळीला एकटी असताना घंटा वाजली तर तू काय करशील, आणि नाही वाजली तर काय करशील. पहिल्या प्रश्नापेक्षा दुसरा मोलाचा आहे. सोळा वेळा विनाकारण धावलेली सिस्टर सतराव्या वेळी सावकाश उठते हे आपण मॉनिटरच्या बाबतीत पाहिलेच आहे. पण घंटा वाजली नाही म्हणून निश्चिंत झालेल्या सिस्टरची चूक तिला स्वतःलाही कळत नाही.

आता आपल्या भागातले उदाहरण घेते. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळच्या पट्ट्यात द्राक्षबागा आहेत, फवारणी आहे, आणि ‘औषध पोटात गेलं’ असे सांगत नातेवाइकांनी आणलेला रुग्ण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ऑर्गनोफॉस्फरस या गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचे औषध सुरू झाले की नाडी वाढते, आणि काही मर्यादेपर्यंत ती वाढलेली आपल्याला हवीच असते. ‘न्यूज-२’सारखी गुण मोजणारी पद्धत मात्र १११ ते १३० नाडीला दोन आणि त्यापुढे तीन गुण देऊन मोकळी होते. उलट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळे आकडे जागेवर असतात, रुग्ण बोलत असतो, घरचे चहा प्यायला गेलेले असतात, आणि तेव्हाच त्याला उशीवरून मान उचलता येईनाशी होते. विषबाधेनंतर साधारण २४ ते ९६ तासांत येणाऱ्या या अवस्थेचे वर्णन श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ मध्ये केले. मानेपाठोपाठ श्वासाचे स्नायू थकतात आणि रुग्णाला व्हेंटिलेटर लागू शकतो. म्हणून आमच्या वेळच्या इन्चार्ज सिस्टर प्रत्येक फेरीला अशा रुग्णाला ‘मान उचला बघू’ म्हणत. कोणत्याही मॉनिटरच्या पडद्यावर मान उचलण्याचा रकाना नाही. ओला घाम, छातीतली घरघर, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, यांचेही रकाने नाहीत. यंत्राला काय दाखवलेच जात नाही याची यादी विद्यार्थिनीने प्रत्येक रुग्णापुरती करावी, ही सवय मला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठी वाटते.

यंत्राला दाखवलेला आकडा तरी खरा असतोच असे नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरविषयी २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्ष ८८ पेक्षा कमी प्राणवायू असल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आढळले. आपल्या वॉर्डातल्या उसतोडणी कामगाराच्या बोटाला तेच यंत्र लावताना हा आकडा मुलींना ठाऊक असायला हवा.

केअर प्लॅनबद्दल, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्याबद्दल, बोलायचे तर आपण सगळेच थोडे अवघडतो. एका महाविद्यालयात मी वह्या तपासायला बसले होते. सहा विद्यार्थिनींच्या सहा वेगळ्या रुग्णांच्या केअर प्लॅनमध्ये ‘कॉल बेल रुग्णाच्या हाताशी ठेवावी’ हे वाक्य होते. त्या वॉर्डात कॉल बेल नव्हती, कधीच नव्हती. रुग्णाच्या खाटेखाली चटई टाकून त्याची बायको झोपलेली असते, आणि तिला जागे करून ‘सलाइन संपत आलं की हाक मारा’ असे सांगणे हीच आपली कॉल बेल. मुलींनी चॅटबॉटला विचारले होते आणि त्याने परदेशातल्या कुठल्या तरी वॉर्डासाठी नीटनेटका प्लॅन लिहून दिला होता. वह्या परत करून ओरडणे सोपे होते. त्याऐवजी मी त्यांना त्याच वह्या घेऊन रुग्णाच्या खाटेशी पाठवले आणि या माणसासाठी, या वॉर्डात, आज जे करता येणार नाही किंवा करू नये ते लाल पेनाने खोडायला सांगितले. एकीने पानभर खोडले. दुसरीने उच्च प्रथिनयुक्त आहाराची ओळ खोडून शेजारी लिहिले की रुग्णाची किडनी बिघडलेली आहे. तेवढ्या तासाभरात त्या जितके शिकल्या तितके माझ्या व्याख्यानांतून महिनाभरात शिकल्या नसत्या. तेव्हा चॅटबॉटला बंदी घालण्याच्या भानगडीत आपण पडू नये. त्याने लिहिलेले तपासणे हाच प्रात्यक्षिकाचा भाग करावा आणि गुण खोडण्याला व खोडण्याच्या कारणाला द्यावेत.

मात्र एका बाबतीत सक्ती हवी. विद्यार्थिनी केस पेपरचा मोबाइलवर फोटो काढतात आणि तो तसाच चॅटबॉटला चढवतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायद्याचे नाव सांगून हे सुटणार नाही. नाव झाकले की झाले असे त्यांना वाटते, आणि आटपाडी किंवा शिराळ्याच्या एखाद्या लहान गावात वय, गाव, व्यवसाय आणि आजार एवढ्यावरून माणूस सहज ओळखता येतो हे त्यांच्या लक्षात येत नाही.

रुग्णाच्या भाषेचाही विचार व्हावा. ‘जीव घाबरा होतोय’ असे सांगणारी बाई भीतीबद्दल बोलत असेल, दम लागल्याबद्दल बोलत असेल किंवा तिला हृदयविकाराचा झटका येत असेल. ऐकून टिपण करणारी साधने इंग्रजीत त्याचे ‘भीती’ करून टाकतील आणि पुढचा सगळा विचार त्या एका शब्दावर उभा राहील. जतकडून किंवा अथणीकडून आलेल्या कानडी रुग्णाच्या बाबतीत तर मुलीनेच अर्धे समजून घेतलेले असते. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहावेत ही जुनी शिकवण आता नव्याने रुजवायला हवी.

जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या माझ्या विद्यार्थिनीने मध्यंतरी फोन केला. क्षयरोग शोधण्यासाठी छातीचा एक्स-रे संगणकाकडून वाचून घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे व त्यावरील वयासाठी २०२१ मध्ये मान्यता दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या १०० दिवसांच्या मोहिमेपासून आपल्या देशात हातात धरायची एक्स-रे यंत्रे गावागावांत जाऊ लागली आहेत. तिचा प्रश्न साधा होता: यंत्र काही नाही म्हणते, पण माणूस तीन आठवडे खोकतो आहे आणि त्याची पँट सैल झाली आहे, मी थुंकी पाठवू का? मी म्हटले, पाठव. दोन आठवड्यांहून अधिक खोकला हा निकष यंत्राच्या आधीचा आहे आणि तो कोणी रद्द केलेला नाही. पण तिला प्रश्न पडला याचेच मला अधिक वाटले. यंत्राच्या विरुद्ध गेले आणि चुकले तर मला विचारतील, यंत्राप्रमाणे गेले आणि चुकले तर यंत्राला विचारतील, असा तिचा हिशेब होता. तो हिशेब खरा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत निर्णयावर माणसाची देखरेख राहिली पाहिजे असे म्हटलेले आहे, आणि उपकेंद्रावर ते माणूस म्हणजे ती एकटीच आहे. यंत्राशी मतभेद झाला तर तो कोणत्या शब्दांत नोंदवावा, कोणाला कळवावा आणि वरिष्ठांनी दुर्लक्ष केले तर पुढे काय करावे, हे तिला आम्ही कधी शिकवले नाही. डॉक्टरांशी मतभेद नोंदवायलाच आम्ही शिकवले नव्हते, तर यंत्राचे कुठले.

शेवटी मनुष्यबळाबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. परिचर्या परिषदेचा जुना निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. रात्रपाळीला चाळीस रुग्ण एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टरने प्रत्येकाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा म्हटले तर एका फेरीत नुसत्या श्वासालाच ४० मिनिटे जातात. तक्त्यावरचा खोटा २० तिथून येतो, आणि तो काही विद्यार्थिनींच्या स्वभावाचा दोष नव्हे. म्हणून माझी सूचना काहींना विचित्र वाटेल: ज्या वेळी मोजणे झाले नाही त्या वेळी रकाना रिकामा ठेवून ‘मोजले नाही’ असे लिहायला शिकवा, आणि तसे लिहिल्याबद्दल कोणाचे गुण कापू नका. रिकामा रकाना पाहून अधिसेविकेला (मेट्रनला) निदान माणसे कमी आहेत हे दिसते. २० ने भरलेला रकाना तेही झाकतो.

पुढच्या सत्रात आपल्यापैकी ज्या महाविद्यालयाला असा पहिला तास वॉर्डात घ्यायचा असेल तिथे मी आनंदाने, मानधनाशिवाय येईन. विद्यार्थिनींना फक्त सेकंदकाटा असलेले मनगटी घड्याळ आणायला सांगावे. हल्ली निम्म्या जणींकडे ते नसते.

आपली विनम्र,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका, मिरज